आठ कानांचं जाळं

मी घरजावई नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुमचं लक्ष भलतीकडे जाणार नाही. मी फक्त सासूबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो, त्यांच्या हातचं जेवतो आणि गेली बावीस वर्षं स्वतःचा फ्लॅट बघतोय. दहिसरपासून अंधेरीपर्यंत एकही इमारत मी बघायची सोडलेली नाही. काही ठिकाणी तर वॉचमन आता मला सलाम करतात.

घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, खाडीकडच्या गल्लीत. खाली सासूबाई, वर मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. आमच्या डोक्यावर पोटमाळा आणि त्यावर सिमेंटचे पत्रे. पोटमाळ्यावर सुकी मासळी. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागतात, ताजी मासळी दिसेनाशी होते आणि दिसली तर परवडेनाशी होते. तेव्हा आमच्या सासूबाई मालाडच्या बाजारात सुके बोंबील, जवळा आणि सोडे घेऊन बसतात. वय बहात्तर. सासरे गेल्यावर बोट विकली, पण हा धंदा त्यांनी सोडला नाही. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत ओले बोंबील घ्यायचे, बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवायचे, गोण्या भरायच्या आणि माळ्यावर चढवायच्या. तो माळा म्हणजे त्यांचे पावसाळ्याचे चार महिने. छपराला काही झालं तर माळा भिजला आणि माळा भिजला की सासूबाईंचं वर्ष गेलं. इतकं साधं गणित आहे, आणि ते मला बावीस वर्षांत नीट कळलं नव्हतं.

मी मूळचा कोकणातला, म्हणजे माझे वडील. ते गिरणीत होते, मी दहिसरच्या चाळीत वाढलो आणि आता अंधेरीच्या एका कचेरीत कॉम्प्युटरवर तक्ते करतो. तक्ते करायची सवय माणसाला घरी आल्यावरही सोडत नाही. हल्ली मे महिन्यात अरबी समुद्रात कधी काय उठेल सांगता येत नाही, म्हणून मी गेल्या वर्षी शिमग्याच्या आधीच 'वादळपूर्व तयारी' नावाचा तक्ता केला. त्यात पन्हळी साफ करणं होतं, बॅटऱ्या होत्या, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालणं होतं. आणि पहिल्या क्रमांकावर, ठळक अक्षरांत, होतं: पोटमाळ्यावरची अडगळ काढणे.

शिमग्याच्या आधीच्या शनिवारी सासूबाई धक्क्यावर गेल्या होत्या, बायको तिच्या शाळेत, मुलगी मैत्रिणींकडे. मी एकटाच माळ्यावर चढलो. आजही मला त्या सकाळचं समाधान आठवतं. फुटके पाट, बिनझाकणाचे डबे, एका पायाचं स्टूल, सगळं मी भंगारवाल्याला दिलं. मागे कोपऱ्यात एक हिरवी गोणी होती, तोंड सुतळीने बांधलेलं. उघडली तर जुनं जाळं. जाड दोऱ्याचं, मोठ्या मोठ्या भोकांचं, कडेने दोरखंड ओवलेलं. बोट विकून पाच वर्षं झाली होती. बोट नाही तर जाळं कशाला, असा मी विचार केला. विचार तर्काला धरून होता. माझे सगळेच विचार तर्काला धरून असतात, तीच माझी अडचण आहे.

आता, त्या घरात राहून तुला छपराचं जाळं ओळखता आलं नाही का, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. मी ते छपरावर पसरलेलं एकदोनदा पाहिलं होतं. पण गोणीत गुंडाळलेलं कधीच पाहिलं नव्हतं. लग्नात मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आपण बघतो; तोच माणूस महिन्याने बनियनवर दूध आणायला जाताना दिसला तर ओळखतो का? शिवाय ते बांधायचं काम सासरे करत, मी कचेरीत असताना. ते गेल्यापासून एकदाही बांधायची वेळ आली नव्हती.

त्याच आठवड्यात दहिसरहून माझ्या ताईचा फोन आला. ती नदीकडच्या बाजूला तळमजल्यावर राहते आणि तिच्या मागच्या दारी चार पावलांची जमीन आहे. त्या चार पावलांत तिने आयुष्यभराची हौस कोंबली आहे.

"दोडके लावलेत रे," ती म्हणाली. "वेल चढवायला मांडव हवा. काही जुनी दोरीबिरी असली तर बघ."

"दोरी कशाला," मी म्हणालो, "जाळंच देतो."

मला स्वतःचा इतका अभिमान क्वचित वाटला असेल. एका दगडाने माळाही साफ झाला आणि बहिणीचंही काम झालं. सासूबाईंना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे मुद्दाम राहू दिलं. त्या नेहमी काहीतरी राहू दे म्हणतात.

मे महिना अर्धा सरला आणि मोबाइलवर इशारे यायला लागले. समुद्रात वादळ तयार झालंय, दोन दिवसांत किनाऱ्याजवळून जाईल, मच्छिमारांनी परत यावं. कोळीवाड्यात इशारे पोचायच्या आधीच लोक कामाला लागले होते. बोटी खाडीत आत आणून एकमेकींना बांधल्या. गल्लीतल्या माडांवरचे नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवल्या, कारण सुटलेला नारळ पत्र्यावर पडला तर बंदुकीची गोळीच. वलांडीवरचे बोंबील वाळले होते-नव्हते तसे काढून आत घेतले. मी तक्ता घेऊन सासूबाईंच्या मागे मागे फिरत होतो आणि झालेल्या कामांवर खुणा करत होतो.

"आई, बावीसपैकी एकोणीस झाली," मी म्हणालो.

"तू काय मोजतो?" सासूबाई म्हणाल्या. "बांधून झालं का ते सांग. जा, वरून जाळं काढ."

"कुठलं जाळं?"

"छपराचं. गोणीत हाय. मागच्या कोपऱ्यात."

मी तक्ता खाली धरला. "हिरवी गोणी? सुतळी बांधलेली?"

"हां, तीच."

"ती इथे नाहीये."

बायको पाण्याची पिंपं भरत होती. तिने नळ बंद केला. "मग कुठे आहे?"

"दहिसरला."

"दहिसरला काय करते?" सासूबाईंनी विचारलं.

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "दोडके," मी म्हणालो.

इथे मला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. सासूबाई मला पहिली पाच वर्षं 'तुम्ही' म्हणायच्या, मग 'तू' म्हणायला लागल्या, आणि तो दिवस मी घरात मुलगा झालो म्हणून लक्षात ठेवला होता. त्या दिवशी त्या परत मागे गेल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा. पंखा लावू का?"

मुलीने मोबाइलमधून मान वर केली आणि माझ्याकडे कीव करून पाहिलं.

मग मला कळलं ते असं. डोल म्हणजे बोंबील धरायचं पिशवीसारखं जाळं, आणि त्याचा तोंडाकडचा भाग सगळ्यात मजबूत. सासऱ्यांनी जुन्या डोलीचा तो भाग कापून, अंगाला दोरी बांधून छपरावर बसून, आमच्या पत्र्यांच्या मापाने जाळं केलं होतं. कडेने दोरखंड, दोरखंडाला दोरीचे आठ फास. त्यांना कान म्हणायचे. भिंतीत आठ लोखंडी कड्या, बरोबर त्या कानांखाली. पत्र्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर जाळं, आणि प्रत्येक कान आपापल्या कडीला.

"नुसती ताडपत्री घट्ट बांधली तर?" मी विचारलं. "मी नवीन आणलीये. चांगली जाड आहे."

"ताडपत्रीचं शीड होतं," बायको म्हणाली. "वारा आत शिरला की ती पत्रा घेऊनच उडते. जाळं वाऱ्याला सोडून देतं आणि पत्र्याला धरून ठेवतं. एवढं तर लहान मुलालाही माहीत असतं इथे."

"मी लहानपणी दहिसरला होतो," मी म्हणालो.

"दिसतंय."

शेजाऱ्यांकडे मागून पाहिलं. ज्याचं जाळं त्याच्या छपरावर चढलं होतं. त्या दिवशी कोळीवाड्यात कुणाकडे जास्तीचं जाळं असणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी जास्तीचं पेन असणं. असतं, पण सांगत कुणी नाही. मी ताईला फोन केला.

"बोल," ती म्हणाली, आवाज अगदी खुशीत. "आज सकाळी तीन काढले. असे कोवळे, की शिरासुद्धा काढायला नकोत."

"ताई, ते जाळं परत पाहिजे."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ताई मालवणीत बोलली. ताई एरवी माझ्यासारखंच मुंबईचं बोलते. ती मालवणीत शिरली की आपण बाहेर पडायचं असतं.

"दिलेली वस्तू परत मागतंस? बहिणीकडसून?"

"छपराचं होतं ते. वादळ येतंय."

"मग दिलंस कित्याक?"

"मला माहीत नव्हतं."

"बावीस वर्षां रवतंस त्या घरात. काय बघतंस? फ्लॅट?"

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दहिसरला गेलो. वादळ त्याच्या पुढच्या सकाळी यायचं होतं. वाटेत मी ताईशी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं, मुद्देसूद, तीन भागांत. मागच्या दारी पोचलो तर ताई स्टुलावर उभी होती आणि वेलीचे ताणे जाळ्यापासून एक एक सोडवत होती. वेलीचा ताणा तुम्ही कधी सोडवला आहे का? स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, आणि सोडवला की पुन्हा शेजारच्या दोरीला हात घालतो.

"कापायचं नाय," ती म्हणाली. "सोडवून खाली जमिनीवर पसरते. जगली तर जगली. तू त्या बाजूने लाग."

मी त्या बाजूने लागलो. तासाभरात आम्ही दोघांनी मिळून हातभर मांडव मोकळा केला. आकाश राखाडी झालं होतं आणि नदीकडून वारा यायला लागला होता, साधा, खेळकर, पण दिशा बदलणारा.

"माळ्यावर काय असतं रे त्यांच्या?" ताईने विचारलं.

"सुकी मासळी. पावसाळाभर विकतात ती. भिजली तर सगळं गेलं."

आम्ही लहान असताना चाळीचे दोन पत्रे एकदा उडाले होते. आईने तांदळाचा डबा पलंगाखाली ढकलला होता, आणि आम्ही भावंडं पलंगावर, डोक्यावर एक मेणकापड धरून. ताई तेव्हा नऊ वर्षांची होती, मी सहा. डबा आधी आणि आम्ही नंतर, याचा मला पुढे किती तरी वर्षं राग होता. ताईला कधीच नव्हता.

ती स्टुलावरून उतरली, घरातून कात्री आणली, खाली वाकली आणि तिन्ही वेली बुंध्याशी कापल्या. कोवळे दोडके अजून लटकत होते.

"उचल," ती म्हणाली. "आता पानांसकट गुंडाळ."

"थँक्यू ताई. मी जातो लगेच."

"जातंस खय? मी येतंय. वाटेत परत कोणाक तरी देशीत."

आम्ही मेट्रोने निघालो. सामान तपासायच्या यंत्रातून ती गोणी गेली तेव्हा पडद्यावर काय दिसलं असेल देव जाणे. तपासणारी बाई दोनदा पुढे-मागे करत राहिली.

"इसमें क्या है?"

"जाल," मी म्हणालो.

"मछली का?"

"छप्पर का," ताई म्हणाली.

बाईने गोणीचं तोंड उघडलं. आतून एक दोडका बाहेर आला. तिने आमच्या दोघांकडे पाहिलं, दोडका आत ढकलला आणि हाताने जा म्हटलं. त्या बाईला मी आजही मनातून दुवा देतो.

वर्सोव्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. "ये गं बाय," त्या ताईला म्हणाल्या. मला काहीच म्हणाल्या नाहीत. जाळं गल्लीत पसरलं आणि त्या कडेकडेने चालत कान मोजू लागल्या. सातावर थांबल्या. परत मोजले. सातच.

ताईचा चेहरा उतरला. "मावशी, एक मी कापला," ती म्हणाली. "तो मांडवाच्या बांबूच्या आड येत होता. मला वाटलं, नुसतीच गाठ आहे."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कापायचाच होता तर याचा कापायचा," त्या म्हणाल्या. "याला दोन हायत. एकाचाही उपयोग नाय."

आणि हसल्या. बहात्तर वर्षांच्या बाईचं ते हसू गल्लीभर गेलं, आणि माझं 'तू' परत आलं, असं माझं मत आहे. त्यांनी आतून नायलॉनची दोरी आणि जाळं विणायची लाकडी सुई आणली, ओट्यावर पाय पसरून बसल्या आणि दोरखंडाचे पीळ उकलून त्यात नवी दोरी गुंफायला लागल्या. ताई समोर उकिडवी बसून बघत होती.

"मला दाखवा ना, मावशी."

"बघ. हा वरून, हा खालून. ओढ. जोरात ओढ, त्याला लागत नाय."

दहा मिनिटांत आठवा कान तयार झाला. नवा होता म्हणून निळा दिसत होता, बाकीचे सात करडे.

मग छपरावर चढायची वेळ आली. मी पायजमा वर खोचला.

"तू नको," बायको म्हणाली. "तुझ्या वजनाने पत्रा फुटेल, मग जाळं कशावर बांधायचं?"

ती ओढणी कमरेला बांधून चढली, तिच्या वडिलांसारखी, पत्र्याच्या मधोमध पाय न देता खिळ्यांच्या रेषेवरून. मुलगी शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर उभी राहून दोऱ्या देत होती. ताई आणि सासूबाई खाली कड्यांशी. आणि मी शिडी धरली. चारचौघांत, भर दुपारी, अख्ख्या गल्लीसमोर मी शिडी धरून उभा होतो, आणि जाणारा प्रत्येक जण विचारत होता, "काय जावई, दोडके मिळाले का?"

जाळ्यात अजून पानं होती. ती काढायला कुणाला वेळ नव्हता. ताडपत्रीवर हिरवी नक्षी घेऊनच आमचं छप्पर वादळाला सामोरं गेलं.

वादळ सकाळी आलं. त्याचं वर्णन मी करत नाही. टीव्हीवर तुम्ही बघितलं असेलच, आणि आम्ही तर दारं लावून खाली सासूबाईंच्या खोलीत बसलो होतो. ताई परत जाऊ शकली नव्हती. वीज गेली होती. वरून एक आवाज येत होता, कुणीतरी खूप मोठी चादर झटकत असल्यासारखा. मध्येच गल्लीत कुठेतरी पत्रा सुटला आणि खणखणत गेला. मी छताकडे बघितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"आपला नाय तो," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"आपला सुटला असता तर आधी कडी वाजली असती. ऐक. वाजते का?"

मी ऐकलं. वाजत नव्हती. मग आम्ही सगळेच तेवढंच ऐकत बसलो. ताईसुद्धा, तांदळात हात घालून. सकाळ अशी गेली. ताईने गोणीतल्या दोडक्यांत सुका जवळा घालून भाजी केली. तिच्या मागच्या दारचे शेवटचे दोडके होते ते. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

दुपारनंतर वारा पडला तशा सासूबाई माळ्यावर चढल्या. मी मागे. एका कोपऱ्यात, पत्र्याच्या जोडातून पाणी आलं होतं आणि जवळ्याची एक गोणी तळाशी ओलसर झाली होती. बाकी सगळं कोरडं. त्यांनी प्रत्येक गोणीत मनगटापर्यंत हात घातला. मग बोंबलाचा एक तुकडा मोडून पाहिला. कडकन मोडला.

"झकास," मी म्हणालो.

"खाली जा आणि तवा ठेव," त्या म्हणाल्या. "हा ओला जवळा आजच्या आज भाजायला हवा."

बाहेर बायको जाळं बघत होती. आठही कान जागेवर होते. निळा जरा ताणलेला होता, इतकंच.

ताई दुसऱ्या दिवशी परत गेली. जुलैत, बोटी बंद असताना, सासूबाईंनी बारीक भोकांचं, हलक्या दोरीचं एक जाळं तिच्या मागच्या दाराच्या मापाने विणून पाठवलं. ते मी पोचवलं, पण माझ्या हातात देताना त्यांनी मुलीलाही सोबत पाठवलं. माझ्या तक्त्यात मुलीने एक नवा रकाना घातला आहे: 'कुणाला काही देण्यापूर्वी आजीला विचारणे'. तो मी पुसू शकत नाही, तिने पासवर्ड लावलाय.

या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, कुठलाही इशारा नसताना, ताई सकाळीच दारात हजर. हातात पिशवीभर दोडके.

"मावशी, बांधायचं ना?" ती म्हणाली. "इशाऱ्याची कशाला वाट बघायची?"

सासूबाईंनी माळ्यावरून गोणी आधीच काढून ठेवली होती. दोघींनी गल्लीत जाळं पसरलं, दोन बाजूंनी चालत कान मोजले आणि मधोमध भेटल्या. आठ. बायकोने ओढणी कमरेला बांधली.

"तू काय बघत बसलास?" सासूबाई आणि ताई जवळजवळ एकदमच म्हणाल्या. "शिडी धर."

मी शिडी धरली. मी शिडी फार चांगली धरतो. आता गल्लीत तसं सगळे म्हणतात.